पाण्यावरचा पन्नास

“लिहिलं!”

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. मोहितेमामा संगणकासमोर बसले होते. उजव्या हाताची दोनच बोटं कळफलकावर. शेवटची कळ दाबली आणि खोलीबाहेर ऐकू जाईल असं ते ओरडले, “लिहिलं!” मग मान वळवून माझ्याकडं बघत राहिले.

“काय झालं?” मी विचारलं.

“‘ऐकलं’ म्हणायचं.”

“कुणी?”

“तू. दुसरं कोण आहे इथं? मांजर?” मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “टेलिफोन खात्यात तीस वर्षं हेच केलं. खांबावर चढलेला तारेला जोड मारायचा आणि वरून ओरडायचा, ‘जोडलं!’ खालचा म्हणायचा, ‘ऐकलं!’ तो ऐकलं म्हणेपर्यंत वरचा खाली उतरायचा नाही. एकट्याचं काम कच्चं असतं, जयमाला. दोन तोंडांतून गेलं की पक्कं.”

“ऐकलं,” मी म्हटलं आणि हसू येऊ नये म्हणून खिडकीबाहेर बघितलं.

खिडकीबाहेर धरणाचं पाणी होतं. जुनं सोनघर त्या पाण्याखाली आणि नवं सोनघर त्याच्या काठावर, डोंगराच्या कुशीला ओढून बसवल्यासारखं. तिथं एका संस्थेचा दवाखाना होता आणि सगळ्या खोऱ्यात मिळून एकच डॉक्टर. समोरच्या काठावर कारवट, आणि कारवटच्या मागं आणखी चार गावं. तिकडं रस्ता नव्हता, मोबाईलला रेंज नव्हती. लाँचनं सव्वा तास, आणि लाँच दिवसातून दोनदा. म्हणून संस्थेनं गावोगावच्या छपरांवर थाळ्या बसवल्या होत्या. एका थाळीनं दुसऱ्या थाळीकडं बघायचं, की त्या नजरेच्या रेषेवरून आवाज आणि चित्र जायचं. कारवटची लतासिस्टर रोग्याला पडद्यासमोर बसवायची आणि सोनघरचे डॉक्टर त्याची जीभ बघायचे.

प्रत्येक गावी एक जुना संगणक होता. त्याचं काम एवढंच, की आलेला निरोप पुढं कुठल्या थाळीकडं पाठवायचा ते ठरवायचं. या वाटा मामांनी हातानं लिहिल्या होत्या, एकेक मशीन, एकेक गाव. निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, वहीत इंग्रजी आज्ञा उतरवून घेत शिकले होते ते. मी बावीस वर्षांची, कराडहून डिप्लोमा करून आलेली. वाटा हातानं लिहायच्या बंद करून मशिनींनी त्या आपसांत ठरवाव्यात, अशी नवी व्यवस्था बसवायला मला नेमलं होतं.

“म्हणजे काय करणार त्या?” मामांनी विचारलं.

“दर दहा सेकंदांनी प्रत्येक मशीन शेजाऱ्याला म्हणणार, ‘मी आहे.’ चाळीस सेकंद शेजाऱ्याचा आवाज आला नाही, की तो गेला असं समजायचं. मग सगळ्या मिळून नवी वाट शोधणार.”

मामा खूश झाले. “म्हणजे आमची हौसाक्काच केलीस की तू त्या मशीनची!”

हौसाक्का जांभूळटेपावर राहायची. सोनघर आणि कारवटच्या मधे, पाण्याला वळसा घालून, डोंगराच्या माथ्यावर. कधीकाळी तिथं धनगरांची नऊ घरं होती. आता हौसाक्का, तीन म्हशी आणि छपरावर संस्थेची थाळी. रोज सकाळी सात वाजता मामा सगळ्या ठिकाणी फोन लावून हजेरी घ्यायचे. बाकीचे म्हणायचे, “कारवट आहे,” “पिंपळणी आहे.” हौसाक्काची पाळी आली की ती आधी खाकरायची आणि मग,

पहिली माजी हाक, डोंगराच्या गं कानाला
तितून उतरली, दादा, तुज्याच गं रानाला

“जांभूळटेप आहे,” मामा वहीत लिहून घ्यायचे. रोज नवी ओवी. एकदा मी विचारलं की हिला नुसतं ‘आहे’ म्हणता येत नाही का. मामा म्हणाले, “आहे म्हणजे नुसतं आहे. ओवी आली की कळतं, कशी आहे.”

सोनघरहून कारवटला जायला दोन वाटा होत्या. एक समोरासमोर, पाण्यावरून. दुसरी सोनघर ते जांभूळटेप आणि जांभूळटेप ते कारवट, डोंगरावरून. मामांनी आजवर सगळं डोंगरावरून नेलं होतं.

“मामा, समोर कारवट दिसतंय. वाळत घातलेली गोधडी दिसतेय तिथली. मग डोंगर कशाला चढायचा?”

“पाणी फसवतं.”

“पाणी कसं फसवेल? वरून हवेतून जातंय ना सगळं?”

“आत्ता पाणी वर आहे. मे महिन्यात उतरू दे, आणि मग भर दुपारी बघ. आपली लाट सरळ जाते, आणि तिचीच बहीण पाण्यावर आपटून जाते. दोघी पलीकडं एकदम पोचल्या, की एकमेकींचं तोंड दाबतात.” त्यांनी वही उघडली. गेल्या वर्षीचा मे महिना होता. तारीख, वेळ, पाण्याची उंची, आणि पुढं निळ्या शाईत ‘गेली’, ‘गेली’, ‘आली’, ‘गेली’.

माझ्या व्यवस्थेत प्रत्येक वाटेला एक आकडा द्यायचा असतो. बेरीज ज्या वाटेची कमी, ती वाट मशीन धरतं. पाण्यावरच्या एका टप्प्याला दहा, डोंगराच्या दोन टप्प्यांना दहा-दहा. दहा आणि वीस. मशीन पाणीच धरणार.

“मग पाण्याला पन्नास दे,” मामा म्हणाले. “वाट असू दे, पण शेवटची. डोंगरावरची वाट बंद पडली तर.”

“तुम्हीच द्या,” मी म्हटलं.

पाडव्याचा दुसरा दिवस होता तो. अठ्ठावीस मार्च. मामांनी दोन बोटांनी पन्नास टाकला. आकडा टाकला की लगेच लागू होतो, पण तेव्हा तो मशीनच्या नुसता ध्यानात असतो. लाईट गेली की मशीन विसरतं. म्हणून शेवटी जतन करायची एक आज्ञा असते. ती दिली की आकडा कायमचा राहतो. मामांनी ती दिली.

“लिहिलं!”

“ऐकलं.”

मग तिथूनच कारवटच्या मशीनमध्ये शिरून त्यांनी तिकडूनही पन्नास टाकला. जाणाऱ्याला वाट हवी तशी येणाऱ्यालाही हवी.

“लिहिलं!”

“ऐकलं.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मामा कराडला गेले. त्यांच्या लेकीचं, सुमनताईचं, पहिलं बाळंतपण होतं.

चार दिवसांनी देवस्थळी मॅडमचं पत्र आलं. त्या संस्थेच्या सचिव, पुण्याला असायच्या. सोळा एप्रिलला नवी व्यवस्था बघायला येणार होत्या. मी कारवट लावलं.

“सिस्टर, नीट दिसतेय का मी?”

“दिसताय, पण तुम्ही आधी मान हलवता आणि मग बोलता. बोलक्या बाहुलीसारखं. माझं काय दिसतंय?”

लतासिस्टरचं चित्र अडखळत होतं. जांभूळटेपावरची थाळी जुनी होती, तिथून सगळा भार ओढत यायचा. मी पन्नासाकडं बघितलं. खिडकीतून पाण्याकडं बघितलं. पाणी आरशासारखं पडलं होतं आणि पलीकडं कारवटची गोधडी.

कुठलाही बदल करण्याआधी चालू लिखाणाची एक प्रत तारखेसकट बाजूला ठेवायची, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ती ठेवली. मग दोन्हीकडचे पन्नास काढून दहा केले. सिस्टरच्या नाकातली चमकी लखलखून दिसली.

“अगं बाई, पावडर लावून बसायला हवं होतं मी!” ती म्हणाली.

मॅडम येऊन गेल्या की परत पन्नास करू, असं ठरवून मी ते जतन केलं. ‘लिहिलं’ म्हटलं नाही. ऐकायला कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी मीच घेतली. हौसाक्कानं ओवी म्हटली नाही.

“पोरी, दिव्याला काय झालं गं?”

तिच्या खोलीतल्या मशीनवर एक हिरवा दिवा होता. निरोप जात-येत असले की तो लुकलुकायचा. हौसाक्का त्याच्याकडं बघत जेवायची.

“काय झालं?”

“काल दुपारपास्नं गप हाय. नुस्ता दम खाऊन खाऊन येकदा लुकतो. म्हातारं मानूस श्वास घेतं तसा. तू काय केलंस का?”

“मी काही नाही केलं, हौसाक्का. मशीन आपणहून वाट ठरवतं आता.”

“आपनहून?” ती म्हणाली. “बरं.”

सोळा तारखेला सकाळच्या गाडीनं मामा उतरले. मुलगी झाली होती, म्हणून बर्फीचा पुडा. अर्ध्या तासानं जीपमधून मॅडम आल्या. देवस्थळी मॅडम वाईट बाई नव्हत्या. चप्पल बाहेर काढून आत आल्या, मामांना नमस्कार केला, बर्फी मागून घेतली, बाळाचं वजन विचारलं. मग मी कारवट लावलं आणि चित्र पाण्यासारखं स्वच्छ आलं. मामांनी भुवया उचलल्या.

मॅडमना पंधरा दिवसांचा वापर हवा होता. मी आलेख काढले. कारवटची रेघ उंच. पिंपळणीची उंच. जांभूळटेपाची रेघ तीन एप्रिलला खाली आपटली होती आणि मग जमिनीला चिकटून सपाट चालली होती.

“इथं कोण राहतं?” मॅडमनी विचारलं.

“हौसाबाई,” मामा म्हणाले. “पण मॅडम, हे असं नसायला पाहिजे. कारवटचं सगळं हिच्यावरून जातं.”

“जात नाहीये ना पण, मोहिते. गेले पंधरा दिवस पाण्यावरून जातंय आणि उत्तम जातंय. आडगावचे लोक दोन वर्षं थाळी मागताहेत. तिथं गरोदर बायका आहेत. एका बाईसाठी मी डोंगरावर एक थाळी अडकवून ठेवू?”

“आत्ता जातंय. मे महिन्यात पाणी उतरलं की नाही जाणार.” मामांनी वही पुढं केली. “म्हणून तर मी पाण्यावर पन्नास टाकला होता.”

“मग तो काढला कुणी?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. रस्ता विचारावा तसे ते बघत होते.

“जयमाला, मशीननं आपणहून काढला का गं?”

इथं ‘नाही, मी काढला’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मॅडमच्या हातात बर्फीचा अर्धा तुकडा होता, पडद्यावर लतासिस्टर थांबली होती, आणि मॅडमनी नुकतंच म्हटलं होतं की एवढं स्वच्छ चित्र त्यांनी पुण्यातसुद्धा बघितलं नाही.

“वाट मशीन आपणहून ठरवतं, मामा,” मी म्हटलं. “आकडा… आकडा जतन झाला नसेल तर लाईट गेल्यावर जातो.”

“लाईट गेली होती?”

“दोन तारखेच्या रात्री. सहा तास.”

हे खरं होतं. लाईट गेली होती. सगळ्या खोऱ्याची एकदमच जाते.

मामा खुर्चीवर बसले. “एकीकडं माणूस विसरेल,” ते हळू म्हणाले. “दोन्हीकडं? मी दोन्हीकडं लिहायचं विसरलो?” मग माझ्याकडं वळून, “मी ‘लिहिलं’ म्हणालो होतो ना गं? तू ‘ऐकलं’ म्हणाली होतीस?”

“मला नीट आठवत नाही, मामा.”

मॅडमनी वही न उघडता परत दिली. आदरानं दिली, दोन्ही हातांनी. “मोहिते, लेकीच्या बाळंतपणाच्या गडबडीत राहिलं असेल. होतं असं. पण मग या वहीवर मी किती विसंबू, सांगा.”

बारा मेला थाळी काढायची ठरली.

त्या चार आठवड्यांत मामा बदलले. खोलीचं कुलूप लावून पायऱ्या उतरायचे आणि परत चढून कुलूप ओढून बघायचे. हजेरीत कारवटला दोनदा विचारायचे. ‘लिहिलं’ म्हणायचं त्यांनी सोडलं. आज्ञा द्यायची वेळ आली की खुर्चीवरून उठायचे आणि म्हणायचे, “तू दे. तुझं डोकं ताजं आहे.” मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी ते उद्यावर जायचं. पाणी उतरत होतं. जुन्या सोनघरच्या देवळाचा कळस वर आला होता, त्यावर बगळे बसायचे.

बारा तारखेला आम्ही दोघं डोंगर चढलो. मामांच्या पिशवीत बोल्ट सोडवायचे पाने आणि दोरी. वाटेत ते म्हणाले, “आपणच काढू. परक्या माणसानं तिच्या छपरावर पाय द्यायला नको.”

हौसाक्कानं आम्हाला ताक दिलं. ती रडली नाही, भांडली नाही. दिव्याकडं हात करून म्हणाली, “ह्याचं काय करनार?”

“आडगावला नेणार.”

“तितल्या बायांना सांगा, ह्येला पुसायचं कोरड्या फडक्यानं. वल्यानं न्हाई.” मग जमिनीवर बसून, जात्याची मूठ धरल्यासारखी एक मूठ आवळून,

दिव्याची माज्या वात, बिनत्येलाची गं जळं
कोन कुटं बोलतंय, मला बसूनशान कळं

मामा छपरावर चढले. मी खाली शिडी धरून उभी. दुपारचा एक वाजून गेला होता. खाली पाणी शिशासारखं तापलं होतं. मामांनी पहिल्या बोल्टाला पाना लावला.

“दादा!” हौसाक्का आतून ओरडली. “दादा, दिवा बोलाया लागला!”

मी आत धावले. हिरवा दिवा थांबत नव्हता. लुकलुक कसली, तो नुसता थरथरत होता.

मला कळलं. चाळीस सेकंद. पाण्यावरून कारवटचं ‘मी आहे’ चाळीस सेकंद आलं नव्हतं, आणि मशिनींनी उरलेली वाट धरली होती.

“मामा, हात काढा!” मी बाहेर येऊन ओरडले. “पाना काढा. पाणी गेलं. सगळं इथनं चाललंय.”

बोल्ट विस्तवाचा असावा तसे मामांनी हात वर उचलले.

मी थाळीवरच चालणाऱ्या तिथल्या फोनवरून सोनघर लावलं. दवाखान्यातला शिपाई म्हणाला, कारवटला एका सहा वर्षांच्या पोरीला विंचू चावलाय. हातपाय गार पडलेत. डॉक्टर सिस्टरला गोळ्यांचं माप सांगताहेत, दर अर्ध्या तासाला नाडी बघायला सांगताहेत. मधे एकदा आवाज गेला होता. मिनिटभरात आला परत.

आम्ही तिघं तिथंच बसलो. मामा छपरावर, थाळीच्या सावलीत, तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. मी उंबऱ्यावर. हौसाक्का दिव्यासमोर. दोन तास ती उठली नाही. म्हशी ओरडल्या तरी उठली नाही. साडेतीनला दिवा सावकाश झाला आणि फोन वाजला. शिपाई म्हणाला, पोरगी घामातून बाहेर आली, पाव मागतीय.

मामा खाली उतरले. पाने पिशवीत टाकले. ‘मी म्हणत होतो’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

हौसाक्कानं चहा टाकला. कप पुढं करताना म्हणाली, “दादा, पाडव्याच्या म्होरं म्हैनाभर ह्यो गप हुता. कुनी गप केला हुता?”

“मी,” मामा म्हणाले. “आकडा टाकला आणि लिहायचं विसरलो.”

“तू? इसारलास?” ती हसली. “माज्या म्हशींची वेतं तुला तारकंनिशी पाट हायती, आनि तू इसारलास?” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “तू हुतीस न्हवं तवा तितं?”

“होते.”

“मग?”

“तिला काय विचारतीस,” मामा म्हणाले. “लेकरू आहे ते. चूक माझी.”

मी चहा प्याले. गुळाचा होता.

आठ दिवसांनी मॅडमचं पत्र आलं. मामांनीच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जांभूळटेप कायम राहील. आडगावसाठी दुसरी थाळी घेऊ. आणि खाली, ‘जयमालाच्या व्यवस्थेनं चाळीस सेकंदांत नवी वाट शोधली आणि एक जीव वाचला, याबद्दल तिचं खास कौतुक.’ मामांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. त्यांचा चेहरा लेकीचा निकाल लागल्यासारखा फुलला होता.

मग खिशातून त्यांनी दुसरा कागद काढला. राजीनामा होता.

“पाण्याचं मला कळतं, पोरी,” ते म्हणाले. “पण माझं मला कळेनासं झालंय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी म्हशीला दावं बांधायचं विसरले, मग घराची वाट. उद्या मी एखाद्या सिस्टरला भलतीकडं धाडलं, आणि पलीकडं पोर असलं तर?”

“मामा…”

“पाण्यावर पन्नास तूच टाक. आणि लिही.”

मी टाकला आणि लिहिला. ते दारात उभे होते. त्यांनी ‘ऐकलं’ म्हटलं नाही, कारण मी ‘लिहिलं’ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते कराडला गेले.

पुढं अकरा वर्षं ते खोरं मी सांभाळलं. पन्नास कधी हलवला नाही. मग समोरच्या डोंगरावर मनोरा उभा राहिला, मोबाईल आले, काठाकाठानं केबल आली. थाळ्या उतरल्या. हौसाक्का त्याआधीच्या थंडीत गेली होती. दिवा मी तिच्या भाच्याला दिला. सगळ्यात शेवटी सोनघरचं मशीन बंद करायला बसले तेव्हा जुन्या फायली चाळताना ती प्रत सापडली. तीन एप्रिलची. मी बाजूला ठेवलेली, पन्नासासकट. आणि तिच्यावर मशीननं स्वतः घातलेली ओळ, शेवटचं जतन अठ्ठावीस मार्च, पाच वाजून चौदा मिनिटं. दोन एप्रिलला लाईट जाऊनसुद्धा तीनला तो पन्नास जागच्या जागी होता.

मी तो कागद छापला आणि कराडला गेले.

दार सुमनताईनं उघडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फळीवर, दाराच्या मागं चिठ्ठ्या होत्या, मामांच्या अक्षरात. ‘गॅस. दोनदा बघणे.’ ‘नळ.’ ‘किल्ली खिशात आहे का?’

“अकरा वर्षं असंच चाललंय,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तीन डॉक्टर झाले. तिघं म्हणतात, डोकं तुमच्या-आमच्यापेक्षा धड आहे. बाबांना पटत नाही. नातीला एकदा शाळेत सोडा म्हटलं तर सोडत नाहीत. म्हणतात, मी कुठं विसरून आलो तर? पोरगी सहावीत गेली, तिचं बोट धरून रस्ता ओलांडला नाही त्यांनी.”

मामा आतून आले. चालण्यात वय दिसत होतं. मला बघताच म्हणाले, “जयमाला! खिडकीतून अजून कारवटची गोधडी दिसते का?” मग पाण्याची चौकशी केली. यंदा कळस किती तारखेला उघडा पडला? गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस लवकर ना? आणि ज्या वर्षी त्या पोरीला विंचू चावला, त्या वर्षी बारा मेला पाणी सहाशे एकोणतीस मीटरवर होतं, बरोबर? हौसाक्का गेली हे त्यांना कळलं होतं. तिच्या कितीतरी ओव्या त्यांनी वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या चार त्यांनी मला न बघता म्हणून दाखवल्या.

मग म्हणाले, “चहा मी करतो.” स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज, कपांचा आवाज. गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज. आणि मग, अकरा वर्षांपूर्वीच्या आवाजाची सावली असावी तसा,

“बंद केला!”

“ऐकलं, बाबा,” सुमनताईनं इथून, भाजी निवडता निवडता, सवयीनं उत्तर दिलं.

मामा ट्रे घेऊन आले. दारातच थांबले, वळले, परत आत जाऊन बटण बघून आले. मग माझ्यासमोर बसले आणि कप पुढं केला.

मी कप घेतला नाही. घडी केलेला कागद उघडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट फिरवत पहिली ओळ वाचली. मग तीच पुन्हा वाचली.

“हे कुठलं गं?”

“सोनघरचं. मामा, पन्नास मी काढला होता. चित्र चांगलं दिसावं म्हणून. दोन्हीकडचा, माझ्या हातानं.”

त्यांचं बोट तारखेवर थांबलं होतं.

“तुम्ही लिहिलं होतं, मामा. दोन्हीकडं लिहिलं होतं. आणि दोन्ही वेळा मी ऐकलं होतं.”